खिडकीवरचा निळा रुमाल

मंगळवार, संध्याकाळ

प्रकाशचा हेवा वाटतो, हे इथं तरी लिहून टाकतो. नऊ वर्षं आम्ही कंपनीच्या एकाच बसनं गेलो. तो एक थांबा आधी चढायचा आणि खिडकीच्या जागेवर माझ्यासाठी निळा रुमाल टाकून ठेवायचा. दोन महिन्यांपूर्वी कपातीत माझी नोकरी गेली, त्याची राहिली. आता खिडकीत तोच ऐसपैस बसत असणार, असं रोज मनात येतं. दूध सहालाच मिळतं, तरी मी बसच्या वेळेलाच गारखेड्याच्या कोपऱ्यावर, माझ्या जुन्या थांब्याजवळ जातो आणि बस लांबूनच बघतो. का जातो?

आज बस थांबली आणि ड्रायव्हर रफीकभाईंनी हाक मारली. पायरीवर चढून आत डोकावलो. खिडकीची जागा रिकामी, तिच्यावर तोच निळा रुमाल. प्रकाश शेजारी बसलेला.

"रोज टाकतो," रफीकभाई म्हणाले. "कुणाला बसू देत नाय."

प्रकाश खाली बघत होता. आभार मानायचे सोडून मी म्हणालो, "दूध तापवायचंय," आणि उतरलो.

दिवसभर तो रुमाल डोळ्यांपुढं आहे. लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण नोकरीही त्याचीच आणि चांगुलपणाही त्याचाच. निदान हेवा तरी मला धड करू द्यायचा होता.