माझी ओळ नेहमी शेवटी

रवि. १ फेब्रु. १९९८
आणि वर मलाच म्हणतो, "वहिनी, तुम्हाला संशयाचा आजार आहे." असू दे. आगाशीच्या वाडीत चिकूच्या दोन ओळी. विहिरीकडची दिराची, म्हणजे वसंत भावजींची, कुंपणाकडची माझी. हे गेल्यापासून त्या ओळीवरच माझं चालतं. ते राहतात तुळिंजच्या फ्लॅटात. पाच वर्षं वाडीत पाय नाही, आणि बिल्डर फिरायला लागल्यावर एकदम चिकूचं प्रेम! पाठीवर पंप, बादलीत पांढरी पावडर. "फुलं गळतात ना, त्यावर." कॅरमवर टाकतात तीच दिसते. विचारलं तर हसला. "त्याच जातीची आहे."

रवि. ८
म्हणे फुलातली पिवळी धूळ रुजल्याशिवाय फळ धरत नाही, आणि रुजायला तिला बोरॉन लागतं. म्हटलं, धूळ काय नाचणी आहे रुजायला? इतकी वर्षं चिकू लागले ते कोणाला विचारून? कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला ना, साहेबासारखा बोलतो. "चला, दाखवतो."

बुध. ११
गेले. काचेवर साखरपाण्याचे दोन थेंब, दोन्हीत माझ्याच झाडाची धूळ. एकात पावडरचा कण, दुसऱ्यात नाही. जेवून आलो, मग त्यांच्या मोठं दिसणाऱ्या नळीतून बघितलं. पावडरच्या थेंबात कणाकणाला शेपटी फुटलेली. दुसऱ्यात बरेचसे नुसते पडलेले. खोटं कशाला लिहू, दिसलं. औषध खरं असेल. माणसाचं काय?

रवि. १५
परत फवारा. दोन्ही ओळी.

शुक्र. २७
माझ्या ओळीत पानांच्या कडा करपल्या. फुलांचा खाली सडा. त्याच्याकडे मुगाएवढी फळं, फांदी फांदी भरून.

रवि. १ मार्च
दाखवलं. "एकाच बादलीतलं आहे, वहिनी." जाऊ लगेच, "कुंपणाकडची जमीनच तशी, ताई. द्या ना बिल्डरच्या कागदावर सही. फ्लॅटमध्ये चोवीस तास पाणी." टँकर आला की हीच बादल्या घेऊन जिना उतरते. सही दोघांची लागते. माझी ओळ वाळली की मी कशाच्या जोरावर नाही म्हणू?
आज मुद्दाम बघत बसले. गार पाण्यात पावडर, एकदा काठी फिरवली, झालं. वरचं वरचं पाणी तांब्याने पंपात, सुरुवात विहिरीकडून. माझ्या ओळीपर्यंत येताना बादलीच्या तळाला पिठासारखा गाळ. तोच खरवडून पंपात घालायला लागला. म्हटलं, थांबा. गाळ मला का? "विरघळलेलं असतं ते." बादली त्याच्या पायावर उपडी केली. पाय पांढरेफटक. बघा, विरघळलंय.

सोम. २
त्याची उरलेली पावडर कोमट पाण्यात टाकून बघितली. लगेच विरघळली. माझी चूल तिथून दहा पावलांवर. चहाला आधण मागतो, ह्याला नाही मागत. कॉलेजात एवढं शिकवतात, हे नसेल शिकवलं? का मुद्दामच...

बुध. ४
शेजारच्या फोनवरून तुळिंजला लावला. "भावजी, रविवारी या. पाणी गारच, काठी एकदाच, अगदी तुमच्यासारखी. फक्त सुरुवात माझ्या ओळीपासून आणि तळाचा गाळ तुमच्या झाडांवर. विरघळलेलंच असतं ना? मग कबूल करा."
मागून जाऊ, "काय म्हणतायत?"
"विचारून सांगतो, वहिनी."
"कोणाला विचारून? बिल्डरला?"
ठेवला त्याने. परत लावला. रविवारी, आठ तारखेला, दुपारच्या आत वाडीत उभं राहून हो किंवा नाही सांगा म्हटलं. तोवर सहीचं नाव काढायचं नाही.