डाव्या गालाचं पत्र

२ डिसेंबर
नामंजूर! नोकरीच्या आरोग्य-बचत खात्यात माझ्याच पगारातून कापलेले, कर न लागलेले आठशे चाळीस डॉलर पडून आहेत. एकतीसच्या आत उपचारावर खर्च केले नाहीत तर बुडाले. आणि गालावरचा डाग लेझरने काढायचा म्हटलं तर ते म्हणे ‘सौंदर्य’! आजार आहे असं डॉक्टरांचं पत्र आणा.
एकवीस वर्षं टोलेडोत शाळेची बस चालवतेय. माझ्या सीटच्या डावीकडच्या खिडकीतलं ऊन कायम डाव्या गालावर. हे सौंदर्य होय?

५ डिसेंबर
वेंडेल म्हणतो, “सनस्क्रीनच्या चाळीस ट्यूब घे, खातं रिकामं होईल.” नवऱ्याला चेष्टा सुचतेय! दहा जानेवारीला लेकीचं, कोरिनचं लग्न. नवरीच्या आईचा फोटो जन्मभर भिंतीवर राहणार.

९ डिसेंबर
डेपोत योलांडाने कानमंत्र दिला. “अगं लोर्ना, वाईट दिसतं म्हणू नकोस. रक्त येतं म्हण. माझ्या दिराला असंच पत्र मिळालं.”
मला खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात.

१२ डिसेंबर
बोलले. धडधडीत! “उशीला रक्त लागतं, डॉक्टर.”
डॉ. प्रुइट तोवर “उन्हाचा डाग, दुसरं काही नाही” म्हणून उठल्याही होत्या. रक्त ऐकलं आणि परत बसल्या. “मग तुकडा काढून तपासायला पाठवू.”
करायला गेले एक अन् झालं भलतंच. गालाला दोन टाके, आणि पत्र नाहीच.

१९ डिसेंबर
लेझरची वेळ तीस तारखेची. निकालाचा पत्ता नाही. “सणाचे दिवस आहेत, मॅडम,” दवाखान्यातली मुलगी म्हणते.
मॉलमधली पार्लरवाली उद्याच काढून द्यायला तयार आहे. पत्रबित्र काही नको, पण रोख हवेत. लग्नाच्या खर्चात रोख कुठून आणू?

२६ डिसेंबर
फोन नाही. वेंडेलशी भांडले. उगाच.

२९ डिसेंबर
डॉक्टरांनी स्वतः फोन केला. “लोर्ना, लेझर रद्द करा. कर्करोग आहे. लवकर सापडलाय, कापून निघेल. मी तर तुम्हाला तसंच घरी पाठवत होते. रक्ताचं बोललात, म्हणून!”
मी वेड्यासारखं विचारलं, “आणि पत्र?”
“आता पत्र कशाला लागतंय?”
भीती वाटतेय. वेंडेलला अजून सांगितलेलं नाही. रक्त कधी आलंच नव्हतं.