स्लॅबमधलं साणं

प्रिय आत्याबाई,

तुम्हाला वाचता येत नव्हतं, तरी पत्र लिहिते आहे. तिथं कुणाला तरी धरून वाचून घ्यालच, तुम्ही काय गप्प बसणाऱ्या आहात? आज स्वयंपाकघराच्या स्लॅबला साणं पाडलं. ही बातमी तुमच्या आधी कुणाला सांगायची नव्हती, म्हणून हात धुतले आणि तुमच्या नातीची, सारिकाची जुनी वही ओढून बसले.

मी लग्न होऊन चाकूरजवळच्या या गावात आले, तेव्हा आपल्या घरावर मातीचं माळवद होतं. त्याला चुलीच्या वर परातीएवढं भोक, तेच साणं. उजेड त्यातून खाली यायचा आणि धूर वर जायचा. पावसाचे चार थेंब पडले की तुम्ही पदर खोचून वर चढायच्या, भोकावर पत्रा ठेवायच्या आणि उघडीप झाली की पुन्हा काढायला जायच्या. मला मात्र त्या साण्याचा भारी राग. त्यातून माती पिठात पडायची, मांजर उतरायचं आणि साय खाऊन माझ्याकडं बघत बसायचं!

माळवद उतरवून स्लॅब टाकायचा ठरला, तेव्हा मी हवेतच होते. मिस्त्रीनं विचारलं, साणं ठेवायचं का? मी हसले. स्लॅबला कुणी भोक ठेवतं का? तुम्ही उंबऱ्यात तुरी निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "धूर कुठून जाईल गं?"

"दारातून जाईल की. दार हाय मोठं," मी म्हणाले.

तुम्ही पुढं एक शब्द बोलला नाहीत. का हो? मिठाच्या खड्यावरून माझ्याशी दिवसभर भांडणाऱ्या तुम्ही, तेव्हाच का नाही भांडलात?

गॅस आला तरी काय केलंत? शेगडीला हळदकुंकू वाहून वर विणलेला रुमाल टाकलात. पाहुण्यांच्या चहापुरता तो उघडायचा. भाकरी चुलीवरच, कारण गॅसवर ती फुगत नाही म्हणे. मीही कमी नव्हते. अंगणात तुराट्यांचा ढीग पडलेला, मग सिलिंडर कशाला जाळायचं? तुम्ही फुंकणीनं फुंकायच्या, मी थापायची, आणि दोघी डोळे पुसत एकमेकींना नावं ठेवायचो. वर बघता बघता स्लॅब काळाकुट्ट झाला.

मग तुमचा खोकला सुरू झाला. आधी आम्ही त्याला थंडीचा म्हणालो, मग वयाचा. मारुतीच्या देवळापर्यंत जाताना तुम्ही तीनदा बसायला लागलात, तेव्हा कुठं यांनी लातूरला नेलं. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, आजी, बिडी ओढता का? तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता! मग त्यांनी तुम्हाला एका नळीत जोरात फुंकायला लावलं. "जन्मभर फुकूनच राहिले, आता इथं बी फुका," असं तुम्ही म्हणालात आणि नर्स हसली. पण तुमचा श्वास अर्ध्यातच संपला, तो आकडा बघून डॉक्टर हसले नाहीत.

हा वयाचा खोकला नाही, चुलीच्या धुराचा आहे, असं त्यांनी आम्हाला समजावलं. बिडी न ओढताही बायकांची छाती अशी होते, असंही म्हणाले. मग विचारलं, स्वयंपाकघरात धूर जायला जागा आहे ना?

मी खाली बघितलं. आता तुम्ही सांगणार, असंच मला वाटलं. आणि तुम्ही म्हणालात, "हाय ना. दार हाय मोठं."

आत्याबाई, माझंच उत्तर होतं ते. डॉक्टरांसमोर सून उघडी पडू नये म्हणून तुम्ही ते उचललंत आणि आपल्या अंगावर घेतलंत. परतीच्या गाडीत मी तुमचा हात धरला, तर म्हणालात, बोटं कामून दाबून राहिलीस, सोड. मी माफी मागायला हवी होती. मागितली नाही.

घरी आल्यावर गॅसवरचा रुमाल मी काढला, औषधाचा पंप तुमच्या उशाशी ठेवला. वर्षभर बरं गेलं. देवळापर्यंत एका दमात जाऊन आलात, त्या दिवशी गावभर सांगत फिरलात! पण आंघोळीच्या पाण्याला चूल आतच पेटत राहिली. साणं पाडू म्हणत मी दिवस ढकलले. स्लॅब फोडायचा म्हणजे चूक कबूल करायची, ते जमेना. आणि तुम्ही गेलात.

या थंडीत मला खोकला लागला. अगदी तुमच्यासारखा. सारिका बाळंतपणाला आलेली, ती मला ओढतच त्याच डॉक्टरांकडं घेऊन गेली. मीही नळीत फुंकलं. माझा श्वास तुमच्यापेक्षा पुष्कळ पुढं गेला. वेळेवर आलात, आता धूर बंद करा, छाती टिकेल, असं ते म्हणाले. मग तोच प्रश्न आला.

"जागा होती," मी म्हणाले, "मीच बुजवली." ते बोलून मी ढसाढसा रडले आणि घरी येऊन मिस्त्रीला निरोप धाडला.

आता चूल अंगणात शेडखाली गेली आहे, तीही फक्त आंघोळीच्या पाण्याला. भाकरी गॅसवर जाळी ठेवून करते आणि ती फुगते, बरं का! तुम्ही असता तर चव नाही म्हणून नाक मुरडलं असतंत. सारिकाच्या बाळाला ओव्याची धुरी द्यायची म्हणून आयाबाया आल्या होत्या, त्यांना चहा पाजून परत पाठवलं. शेकायला गरम पाण्याची पिशवी आहे.

मिस्त्रीनं साणं पाडताना सळया तशाच ठेवल्या आणि वर पत्र्याची टोपी उंचावर बसवली. पाऊस येत नाही, मांजरही आत उतरू शकत नाही. दुपारीच एक येऊन सळयांतून डोकावून, रागावून गेलं. फोडणीचा ठसका सरळ वर गेला आणि मी तोंड वर करून बघतच राहिले.

वचन देते, आत्याबाई. या घरात धुराबद्दल कुणी बाई पुन्हा काही विचारेल, तेव्हा मी हसणार नाही, आधी तिचं ऐकून घेईन. तुमची पणती आत्ता इथंच झोळीत झोपली आहे. तिच्या श्वासाचा आवाज येतो आहे, आणि मध्ये कुणीही खोकत नाही.

तुमच्या बोलण्याला मुकलेली,
तुमची सून कुसुम