उबेत ठेवलेलं खमीर

३ सप्टेंबर १८९४
ट्रेंट नदीकाठच्या या बिअरच्या ब्रुअरीत दुपारी पोचलो. दीडशे वर्षांचा इतिहास लिहून द्यायचा, काम चार आठवड्यांचं. खोली छान आहे. खिडकीतून मोड आणून भाजलेल्या जवाचा, माल्टचा वास येतो. महिनाअखेर घरी परततो, असं हॅरिएटला कळवलं. लग्नानंतर पहिल्यांदाच तिला एकटं ठेवलंय. मुकादम पिम गमत्या माणूस. म्हणाला, लिहिणारे साहेब, नुसत्या शाईवर किती दिवस काढणार? नव्या माणसानं रोज सकाळी सात नंबरच्या हौदातली पेलाभर बिअर घ्यायची, असा इथला रिवाज. चव उत्तम, जरा कोमट.

७ सप्टेंबर
बिअर आंबवायचं खमीर इथे पहिल्या दिवसापासून एकच. एका घाण्यातलं थोडं काढून पुढच्याला लावतात. १८११च्या आगीत सगळे हौद जळाले, पाच महिने काम बंद होतं. तरी खमीर तेच राहिलं. मधल्या काळात ते ठेवलं कुठे? पिम म्हणाला, उबेत. कामगार हसले.

१२ सप्टेंबर
१८५२च्या पुरातही असंच. दोन्ही वेळी हजेरीपटात परगावची तीन-चार नावं आहेत. काम सुरू झाल्यावर ती नाहीत. पिम म्हणाला, फार वाचता बुवा तुम्ही. पुढच्या आठवड्यात दुरुस्तीसाठी हौद रिकामे करणार. चार महिने बंद.

१६ सप्टेंबर
जेवण जात नाही. बोटं बधिर. मेणबत्तीनं अंगठा भाजला, ते वासावरून कळलं. पोट मात्र गरम. स्वस्थ बसलं की आत बुडबुडे फुटताना ऐकू येतात. भीती वाटायला हवी होती.

१९ सप्टेंबर
हौद रिकामे झाले. मला तळघरात आणून घोंगड्यांत गुंडाळलंय. पाय हलत नाहीत. तोंडाला फेस आला, पुसायला गेलो. पिम म्हणाला, राहू द्या, आमचं आहे ते. पेल्यात काढून घेतला.

२४ सप्टेंबर
जीभ वळत नाही. पिम कुणाला तरी सांगत होता, एका माणसात ते दीड महिना टिकतं. मग दुसरा लागतो—

२९ सप्टेंबर
वर हॅरिएटचा आवाज. पत्र नाही म्हणून आली. पिम म्हणतोय, बाईसाहेब, दमलात, आधी हे घ्या, मग खाली नेतो—

ओरडता येत नाही.

जिना उतरतेय. पेला हातात. अजून भरलेला—

मोठ्या अक्षरांत लिहितो. पान तिच्याकडे धरतो.

हॅरिएट पिऊ न