फेटा बांधल्याशिवाय हजेरी नाही

शहागड,
शनिवार, दुपार

तीर्थस्वरूप कारभारी दाजी यांस, कंबर धरल्यामुळे अर्धाच वाकू शकलेल्या धाकट्या मेहुण्याचा तेवढाच नमस्कार. उरलेला अर्धा कंबर मोकळी झाल्यावर समक्ष वडीगोद्रीला येऊन करीन. अक्काचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, तेल लावून भागत नाही, जिन्यावरून चकरा मारणंही थांबवावं लागतं. (ती ऐकणार नाही. पण मी सांगितलं नाही असं नको.) तुमची तब्येत मी विचारत नाही, कारण मागच्या रविवारीच तुमच्या हॉटेलासमोरून एसटीने गेलो तेव्हा तुम्ही एका ट्रकवाल्याला ज्या आवाजात रस्ता सांगत होतात, तो खिडक्या बंद असूनही आम्हा सगळ्या प्रवाशांना पाठ झाला.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल. दाजी, राग मानू नका, पण तुम्ही फोन गल्ल्यावर ठेवून स्पीकर लावता. मागच्या वेळी मी मीनाशी झालेलं नवराबायकोचं भांडण तुम्हाला विश्वासाने सांगत होतो, आणि मधेच एक अनोळखी माणूस म्हणाला, "भाऊ, चूक तुमचीच दिसून राह्यली." शेवभाजी खाता खाता त्याने निकाल दिला, आणि मीनाच्या कानावर तो गेला तेव्हापासून ती त्या माणसाचा पत्ता शोधते आहे. तेव्हा हे पत्र. एकांतात वाचा.

आमच्या मुलींच्या कॉलेजच्या ग्रंथालयात सध्या नवं युग आलेलं आहे. शैला मॅडम सेवानिवृत्त झाल्या, त्यांच्या जागी सुमेधा मॅडम ग्रंथपाल म्हणून आल्या. वय कमी, बोलणं मऊ, स्वभाव चांगला. फक्त यंत्रातलं त्यांना काडीचं कळत नाही, आणि नेमकी यंत्रं त्यांच्याच काळात आली. एक आलं पुस्तकं देणारं. मुलीने कार्ड दाखवायचं, पुस्तक फळीवर ठेवायचं, की पुस्तक तिच्या नावावर चढतं आणि चिठ्ठी बाहेर येते. वर एक बाई आतून "धन्यवाद" म्हणते. (आमचे शिपाई रखमाजी तिला दर वेळी "असू द्या, असू द्या" म्हणतात.) दुसरं पंधरा दिवसांनी आलं, तोंड बघून हजेरी लावणारं. ते दाराशी भिंतीवर बसवलंय. आपण समोर उभं राहायचं, त्याने ओळखलं तर हिरवा दिवा, नाही तर त्या दिवसाचा पगार नाही.

आता पुस्तक द्यायचं आणि घ्यायचं, हेच माझं काम होतं. ते त्या यंत्रातल्या बाईने घेतलं. मुलींना यंत्र शिकवायला म्हणून माझी खुर्ची शेजारी ठेवली, तर मुली एका दुपारीत शिकल्या आणि मला शिकवायला लागल्या. मी नुसता बसून राहिलो. संस्थेचे सचिव राधेश्यामभाऊ यांना सगळं चालतं, बसलेला माणूस चालत नाही. त्यांनी मला लगेच अतिरिक्त ठरवलं. संस्थेची जालन्याला एमआयडीसीजवळ एक शाळा आहे, वेल्डिंग-फिटिंग शिकवणारी. तिच्या कोठारात नटबोल्ट सांभाळायला मला पाठवायचं, असा ठराव सोमवारी दुपारी आमच्या ग्रंथालयात होणाऱ्या बैठकीत येणार आहे.

दाजी, मस्करी बाजूला ठेवून सांगतो, मला जायचं नाही. मीनाची अंगणवाडीतली नोकरी इथे आहे, हे तर झालंच. पण मला ती खुर्चीसुद्धा सोडवत नाही. आसपासच्या गावांतून एसटीला लोंबकळत मुली येतात, भरतीच्या परीक्षांचा अभ्यास करतात, आणि एखादं पुस्तक संपलं की माझ्याकडे येऊन विचारतात, "भाऊ, हे झालं, आता काय वाचू?" हे मला फार आवडतं. नटबोल्ट मला काय विचारणार आहेत?

पण देव आहे, आणि तो उद्घाटनाच्या दिवशी आमच्या ग्रंथालयात हजर होता. राधेश्यामभाऊंना कार्यक्रम म्हटला की फेटे लागतात. गटाराच्या झाकणाचं उद्घाटन असलं तरी लागतात. आणि फेटे बांधायला मी लागतो, कारण लग्नसराईत माझा तो जुना नाद, तुम्हाला माहीतच आहे. (तुमच्या लग्नात तुमचा फेटा मंगलाष्टकं चालू असताना सुटला तो मी बांधलेला नव्हता, हे पुन्हा एकदा नोंदवतो.) त्या दिवशी सचिवांपासून रखमाजींपर्यंत सगळ्यांना मी जरीकाठी फेटे बांधले. सुमेधा मॅडमलाही. तुरा कडक, शेमला पाठीवर बराबर. भाषणं झाली, नारळ फुटला, आणि कंपनीचा इंजिनिअर, पार्थ नावाचा, त्याला संभाजीनगरला परत जायची घाई. तो म्हणाला, सगळे जमलेतच तर तोंडं नोंदवून घेतो. आम्ही रांगेने उभे राहिलो, त्याने नोंदवली, आणि तो जेवण न करता गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आपापल्या नेहमीच्या डोक्यांनी हजर झालो. यंत्र म्हणालं, ओळख पटली नाही. मॅडम झाल्या, मी झालो, यंत्राचं एकच. रखमाजींनी समोरून तोंड दाखवलं, बाजूने दाखवलं, दात दाखवले, शेवटी आधार कार्ड काढून काचेला लावलं आणि ओरडले, "तीस वर्षं मी ह्ये दार उघडून राह्यलो, अन् ह्ये कालचं आल्यालं मलाच इचारतंय, तू कोन? मंग तूच सांग, तू कोन?" त्या दिवशी आम्ही सगळे गैरहजर राहून काम केलं. तिसऱ्या दिवशी रखमाजी उन्हासाठी म्हणून उद्घाटनाचा फेटा तसाच डोक्यावर ठेवून आले (परत करायचा होता, केला नव्हता), यंत्रासमोरून सहज गेले, आणि हिरवा दिवा लागला! रखमाजींना आनंदाने रडू आलं. आम्हाला काय झालंय ते कळलं. यंत्राने आम्हाला फेट्यातच पाहिलेलं. बिनफेट्याच्या माणसाशी त्याचा परिचयच नाही.

तेव्हापासून रोज सकाळी ग्रंथालयाच्या ओट्यावर मी फेटे बांधतो. रखमाजी दुसरं टोक धरतात. बाजारातला तयार फेटा आणून पाहिला, यंत्र फसत नाही. रखमाजींचा तो पहिला फेटा त्यांच्या बायकोने सोडून, धुऊन दोरीवर वाळत घातला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने गुंडाळला, तर यंत्राने त्यांना पुन्हा परकं केलं. तुरा त्याच बाजूला, पीळ तोच, म्हणजे माझाच हात पाहिजे. मॅडमचा अंबाडा रोज चेपतो, या उन्हात घाम मानेवरून वाहतो, पण बिचाऱ्या हूं की चूं करत नाहीत. यंत्रासोबत आलेली पुस्तिका त्यांनी पहिल्याच दिवशी वाचून काढली, आणि म्हणाल्या, "माझ्या हातात काही नाही, कल्याणभाऊ. तुम्हीच बांधा." हायवेवरून जाणारे लोक गाडी हळू करतात. एका म्हाताऱ्याने उतरून नवरदेव कोण म्हणून विचारलं. एक बँडवाला येऊन आपला नंबर देऊन गेला, आणि जेवण कुठं आहे असं विचारणारे तर रोजचेच.

कळस परवा झाला. राधेश्यामभाऊ जालन्याचे पाहुणे घेऊन आले, नवं ग्रंथालय दाखवायला. उद्घाटनाला यंत्र त्यांना नाव घेऊन "स्वागत आहे" म्हणालं होतं, ते पाहुण्यांना ऐकवायचं होतं. टक्कल पुसून समोर उभे राहिले. यंत्र सगळ्यांसमोर म्हणालं, ओळख पटली नाही. पाहुण्यांतला एक जण खोकला. मी पळत फेटा आणला. आता दाजी, फेटा बांधला जात असताना माणसाला हलता येत नाही, मान वळवता येत नाही, आणि उठून तर बिलकुल जाता येत नाही. एवढा मोठा सचिव माझ्या हातात कापडाच्या टोकाने बांधलेला. मी निवांत निऱ्या घातल्या आणि नटबोल्टांचा विषय काढला. ते म्हणाले, "कल्याण, जल्दी कर." मी म्हणालो, जल्दी केली की तुरा पडतो, भाऊ. मीनाच्या अंगणवाडीचं सांगितलं, मुलींचं सांगितलं. पीळ जरा आवळला तेव्हा ते म्हणाले, "बघू." मग यंत्राने त्यांचं स्वागत केलं, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि भाऊ छाती काढून आत गेले.

तर असं सगळं छान चाललेलं आहे. काळजीचं कारण नाही. मीना मजेत आहे, तुम्हा दोघांची आठवण काढते. अक्काला सांगा, लोणच्याची बरणी धुऊन ठेवली आहे. (रिकामी आहे, असा त्याचा अर्थ.)

आपला आज्ञाधारक,
कल्याण

ता. क. एक लहानसं काम होतं. सचिवांचं "बघू" म्हणजे नाही, हे तालुक्याला माहीत आहे. पाहुण्यांसमोर फजिती झाल्यावर त्यांनी त्याच संध्याकाळी पार्थ इंजिनिअरला बोलावलं. सोमवारी सकाळी तो येऊन सगळ्यांची बिनफेट्याची तोंडं नोंदवणार. ती दुपारच्या बैठकीआधी नोंदवली की माझी गरज संपली, आणि जालना. तो संभाजीनगरहून येणार, म्हणजे तुमच्या हॉटेलावरूनच. पांढरी मोटार, मागे कंपनीचं नाव, पोरगा बारीक आणि सदा उपाशी दिसणारा. त्याला अडवा. अक्काला पुरण घालायला सांगा. गुळवणी, तूप, "एक माझ्या हातची", "एक तुमच्या ताईच्या हातची", जे काय तुम्हाला येतं ते सगळं करा. मग लिंबाखाली बाज टाका. बैठक संपेपर्यंत तो उठला नाही पाहिजे. सगळे सभासद आले की दारात फेटेवाले कर्मचारी बघतील, फेट्याशिवाय हजेरी नाही हे त्यांना कळेल, मग मला कोण हलवतो ते पाहू.

ता. क. २. दुधाचा टेम्पोवाला संपत संध्याकाळी वडीगोद्रीला जातो, त्याच्याबरोबर हे पाठवतो आहे. मला मीनाला आणायला जायचं असल्याने पाकीट सुमेधा मॅडमकडे देऊन ठेवतो, त्या संपतला देतील. भोळ्या आहेत, दुसऱ्याचं पत्र वाचणाऱ्यातल्या नाहीत.

कारभारी दाजी, नमस्कार. वेगळं अक्षर बघून दचकू नका. मी सुमेधा, इथली ग्रंथपाल. पाकिटाला डिंक लागलेला नव्हता, आणि मी पत्र वाचलं. वाचायला नको होतं, पण पहिल्या पानावर माझ्याविषयी असल्याने राहवलं नाही.

यंत्रातली तोंडं बदलणं दोन मिनिटांचं काम आहे. पुस्तिकेत पहिल्याच पानावर दिलंय, आणि मी ते पहिल्याच दिवशी वाचलं. पण कल्याणभाऊंना जालन्याला पाठवणार हे मला त्याआधी कळलेलं होतं, आणि मुलींना पुढचं पुस्तक सुचवणारं यंत्र अजून कुणी आमच्याकडे आणलेलं नाही. म्हणून मी गप्प बसले, आणि रोज फेटा बांधून घेते. त्यांना हे कळवू नका. ते आभार मानायला बसले की माझी अख्खी दुपार जाते.

सोमवारच्या बैठकीत मीच बोलणार आहे, याच फेट्यात. तेवढं बोलून होईपर्यंत त्या इंजिनिअरला उठू देऊ नका. पुरणात वेलदोडा नको, जायफळ जास्त घाला, त्याने झोप चांगली लागते.