बागेवरच्या दोन सह्या

११ जुलै
दुपारी दादा मांडवीला माझ्या घरी आला. नेहमी चप्पल काढता काढता चहा मागतो. आज मागितला नाही, तेव्हाच कळायला हवं होतं.
"शुभा, या वेळी उभा राहतोय. अपक्ष."
हसू आलं. मग त्याचा चेहरा बघितला.
आमदारकीला. वीस वर्षं कोर्टात लोकांच्या जमिनीचे दावे चालवलेन, निम्म्यांनी फी दिली नाही. आता तेच म्हणे पाठीशी आहेत. पैसे कुठून, विचारलं. "लोक देतील थोडे थोडे." मग खिडकीकडे बघत, "आणि बाग."

१२ जुलै
बाग म्हणजे गणपतीपुळ्याच्या रस्त्याची. आमच्या वडिलांनी, अण्णांनी लावलेली हापूसची झाडं. सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावं, त्यामुळे माझीही सही लागते. खेडेकर नावाचा व्यापारी तीन वर्षांच्या कराराने घेतोय. तीन वर्षांचा आंबा त्याचा, पैसे आत्ता.
हापूस एक वर्ष धरतो, एक वर्ष विसावतो. अण्णा त्याला झाडाची सुटी म्हणायचे. करारवाले सुटी देत नाहीत. पावसाळ्यात बुंध्याभोवती चर मारून औषध ओततात, म्हणजे दरवर्षी मोहोर. तीन वर्षांनी झाड परत मिळतं ते दमून गेलेलं. काही तर वाळतातच.
दादाला हे माझ्याहून जास्त माहीत आहे. म्हणून बोलले नाही. आणि त्यानं आजवर माझ्याकडे काही मागितलेलं...

१८ जुलै
सही झाली.
खेडेकरने दोन आकडे सांगितले. चेकने घेतलं तर एक, थोडं रोख घेतलं तर मोठा. दादा म्हणाला, "सगळं चेकने. निवडणुकीच्या हिशेबात दाखवायचंय मला." खेडेकर माझ्याकडे वळला. "ताई, समजवा साहेबांना." मी काय समजावणार. लहान आकडा आला.
सही करताना एवढंच म्हटलं, औषध बेताने घाला. खेडेकर म्हणाला, "करारात काय ते आहेच की."
घरी येऊन करार वाचला. औषधाबद्दल एक ओळ नाही. करार दादानेच केलेला. येईल त्या पक्षकाराला 'तोंडी नको, लिहून घ्या' सांगणारा माझा भाऊ.

६ ऑगस्ट
गंगारामदाचा फोन. अण्णांच्या वेळेपासून तोच बाग राखतो.
"बाय, खेडेकराची मानसं आलीत. चर मारतत."
"सगळ्या झाडांना?"
"हिरीजवलचा पन सोडीत नायत. मी काय सांगू त्यांना?"
विहिरीजवळचं म्हणजे अण्णांनी लावलेलं पहिलं. दादाला फोन लावला, वहिनीने घेतला. "वन्सं, आज नका सांगू त्यांना. देवरूखला बैठक आहे. तोंड पडलं की माणसं लगेच ओळखतात."
गंगारामदाला परत फोन करायचा होता. केला नाही. 

७ सप्टेंबर
गणपती. दादाकडेच. या वर्षी घरात आरतीची पुस्तकं चार, चार इच्छुकांची. प्रत्येकाच्या मुखपृष्ठावर बाप्पा लहान आणि माणूस मोठा. दादाचंही आहे. बागेतले पहिले पैसे तिथे गेले.
आरतीला उभे राहिलो, तर काकूच्या हातात समोरच्या उमेदवाराचं.
"काकू, निदान आज तरी," वहिनी म्हणाली.
"अगो, त्याची अक्षरं मोठी आहेत. मत ह्यालाच देईन, पण वाचू कशी?"
दादा सगळ्यात जास्त हसला. नंतर बराच वेळ निरांजनाची वात सारखी करत बसला होता.

९ नोव्हेंबर
दादाची खर्चाची वही वहिनी लिहिते. रोजच्या रोज, पावतीसकट. निवडणूक कचेरीत तपासणीला नेली तर तिथला माणूस म्हणाला, "वकीलसाहेब, घरचा चहा कशाला लिहिलात?" दादा म्हणाला, "लोक प्यायले ना."
समोरच्यांकडे मात्र बारशी चालू आहेत. मांडव, मटण, दोनदोनशे पानं. या पंधरवड्यात तीन झाली म्हणतात. बाळ कुठेच दिसलं नाही. बारसं काय, कुठल्याच वहीत येत नाही.
लोकांचे 'थोडे थोडे' आले ते वहीच्या एका पानात मावले. बागेचे आता संपत आलेत. मी माझ्या पगारातले देऊ केले, तर दादा रागावला. सही घेताना नाही रागावला.

२० नोव्हेंबर
मतदान. मुंबईत राहणारे इथले मतदार समोरच्यांच्या गाड्यांनी आले. त्यांतले दादाचे जुने पक्षकार रस्त्यातच भेटले, त्याच्या पाया पडले. एक म्हणाला, "साहेब, येवचा तर तुमच्यासाठीच व्हता. पन गाडीत नारळ ठेवून गाऱ्हाना घातलानी, मत त्यांनाच म्हनून. आता देवाला काय सांगू?"
दादा म्हणाला, "असू दे रे. जेवलास का?"

२३ नोव्हेंबर
अनामत गेली.
वहिनीने वही मिटली नाही, अजून महिनाभरात पूर्ण हिशेब द्यायचाय. तिचं बरं, तिला काम आहे.

४ जानेवारी
बागेत गेले होते. असा मोहोर जन्मात बघितला नाही. पान दिसत नाही कुठे. रस्त्यावरचे पर्यटक गाडी थांबवून फोटो काढत होते. "काय बाग आहे हो तुमची," एक बाई म्हणाली. हो म्हटलं.
गंगारामदा विहिरीजवळच्या झाडाला पाठ लावून बसलेला. "ह्याचा सुटीचा वरीस व्हता, बाय."

१९ जानेवारी
दादाचा फोन. आवाज जुलैतला. जिल्हा परिषद कधीही लागेल म्हणे. या वेळी लहान मतदारसंघ, ओळखीची माणसं. खेडेकर करार आणखी दोन वर्षं वाढवायला तयार आहे.
"या वेळी औषधाचं लिहून घेतो. शपथ."
मी म्हटलं, "दादा, झाडं..."
"मग मी काय करू, शुभा? घरी बसू?"

कागद त्याने आधीच पाठवून दिलाय. टेबलावर आहे. त्याची सही झालेली, खाली माझं नाव टाइप केलेलं, वर जागा कोरी. दोनदा उचलून ठेवला.
उद्या सकाळी येतो म्हणालाय. दूध जास्त घेऊन ठेवलंय. आल्या आल्या चहा मागतो का, ते बघायचं.