बाबांच्या मापाचा कोट

बाबा,

तुमच्या अंगातला कोट अखेर बदलला. इतकी वर्षं तो काळा कोट आणि ती लालभडक टाय घालून तुम्ही पुढच्या खोलीत टांगलेले होतात, आणि येता-जाता माझ्या डोक्यात तिडीक जायची. तुमच्या तोंडावर उजेड डावीकडून, कोटावर उजवीकडून. मान एका रंगाची, गळा दुसऱ्याच. बोईसरच्या त्या स्टुडिओवाल्याने कुणाच्या तरी हळदीच्या ग्रुप फोटोतून तुमचं तोंड उचललं आणि भलत्याच माणसाच्या धडावर बसवून दिलं. बाराव्याला फोटो हवा म्हणून सगळी घाई. मी विधींत अडकलेलो, घरी आलो तर तुम्ही कोटात. तुम्ही, ज्यांनी आयुष्यभर नारळाच्या वाडीत अर्धी चड्डी आणि बनियन सोडून काही घातलं नाही, आणि बँकेत जायचं झालं तरी शर्टाचं वरचं बटण लावताना ज्यांची चिडचिड व्हायची!

तुम्हाला ठाऊक नाही, पण आता कोट घालायचं काम माझ्याकडे आहे. कंपनीतली नोकरी तीच, शिफ्टही त्याच, पण सुट्टीच्या दिवशी मी कॉम्प्युटर लावून बसलो की आपल्या पाम गावातली अर्धी घरं मला हाक मारतात. कुणाचे आजोबा, कुणाची आत्या, फोटो म्हणावा तर कार्डावरचा नखाएवढा, त्याचा भिंतीवर लावण्याजोगा करायचा. "कोट घाल रे त्यांना, चांगला निळा." "आईला हिरवा शालू दे, आणि नथ पण." बोईसरच्या चाळीतला एक कामगार आला होता, म्हणाला, "भैया, पिताजी को थोड़ा गोरा कर दो, धूप में काम करते थे." मी म्हटलं, उन्हात काम करत होते ना, मग राहू दे की तसेच. ऐकतोय कुठला! माझ्या कॉम्प्युटरवर एक फोल्डरच आहे, नाव 'कोट'. त्यात काळे, निळे, चॉकलेटी, चौकड्यांचे, सगळे कोट रिकामे, आत माणूस नाही. हल्ली तर फोनसुद्धा हे काम करतो, आपोआप. बेटेगावच्या एकाने आजोबांचा फोटो फोनवरच हसरा करून घेतला, तर फोनने त्यांना बत्तीशी देऊन टाकली. आजोबांच्या तोंडात एकही दात नव्हता. आजी फोटो बघून म्हणाली, "हा कोन? आमचा नाय हा." मग आले माझ्याकडे, दात काढायला.

हे वेड तुम्हीच लावलंत, हे मी सगळ्यांना सांगतो. पॉवर प्लँटच्या कॉलनीत तुम्ही शहाळी द्यायला जायचात, तिथले एक साहेब रिटायर होऊन सामान बांधत होते, त्यांनी तुम्हाला त्यांचा जुना कॅमेरा दिला. तुम्ही तो शहाळ्यांच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून सायकलवरून आणलात आणि माझ्यापुढे ठेवून म्हणालात, "धर. तुझ्या कामाचा हाय." मी कॉलेजात होतो. पहिला रोल आठवतो? पालघरला धुवायला टाकला, आणून तुमच्यापुढे एकेक फोटो मांडला. विहिरीवरचा पंप. पंपावर बसलेला कावळा. आपला कुत्रा उभा, कुत्रा झोपलेला, कुत्रा पाठमोरा. समुद्रावरून दिसणारी प्लँटची चिमणी. तुम्ही सगळे बघितलेत, परत पहिल्यापासून बघितलेत आणि मग आवाज चढला. "घरात एवढी मानसं हाय, आणि तू कुत्र्याचे फोटो काढून आनलेस? मेल्यावर भिंतीवर काय कुत्रा लावायचा?" आई स्वयंपाकघरातून हसतेय, आणि मी गाल फुगवून बसलोय. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा रोल भरून तुमच्या मागे वाडीत आलो. तुम्ही नारळ सोलत होतात. मी म्हटलं, "माणूस हवा ना? उभे राहा." तुम्ही हातात कोयता तसाच धरून उभे राहिलात, अर्धे ओरडताय, अर्धे हसताय, तोंड उघडं, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या. तेवढ्यात मी बटण दाबलं. त्याची निगेटिव्ह अजून माझ्याकडे आहे. खाऱ्या हवेने बुरशी धरू नये म्हणून सगळ्या निगेटिव्ह तांदळाच्या डब्यात ठेवल्यात, आणि आई दर महिन्याला कुरकुरते की हे तांदूळ ना शिजवायचे ना टाकायचे.

आणि तो दसरा! घरात नवा कॉम्प्युटर आलेला. तुमचा शिरस्ता असा की दसऱ्याला घरातल्या प्रत्येक हत्याराला हार: कोयता, पंप, सायकल, त्या वर्षी कॅमेऱ्यालाही. एक हार उरला. तो घेऊन तुम्ही घरभर फिरताय, जागा सापडेना, म्हणून सरळ भिंतीवरच्या माझ्या कॉलेजातल्या फोटोला घालायला निघालात. आई आतून ओरडली, "अवो, जित्या मानसाच्या फोटोला हार? डोकं फिरलं का तुमचं?" हातातला झारा घेऊनच बाहेर आली. तुम्ही हसत हसत तो हार कॉम्प्युटरच्या डब्याला घातलात, वर हळदकुंकू. संध्याकाळी मी तो चालू केला आणि झेंडूच्या पाकळ्या आतल्या पंख्यात गेल्या. असला घरघराट सुरू झाला की कुत्रा पळाला. पाकळ्या काढायला मला सगळा डबा खोलावा लागला, आणि तुम्ही बाजूला बसून विचारताय, "यात एवढंच सामान असतं?"

तर यंदा आईने पुढची खोली रंगवायला काढली. तुमचा फोटो उतरवला तर मागून ओल धरलेली, कागद काचेला चिकटलेला, त्या उसन्या कोटावर पांढरे ठिपके. आई म्हणाली, "दुसरा करून दे." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, आता माझ्या हातात आलात, आता तुम्हाला त्या कोटातून सोडवतो. तांदळाच्या डब्यातून ती निगेटिव्ह काढली, स्कॅन केली, दोन सुट्ट्या घालवून एकेक ओरखडा पुसला. मोठा प्रिंट केला. बनियन, कोयता, मागे नारळाची झावळी, तोंडावर सकाळचं ऊन. माझ्या हातून याहून चांगला फोटो झालेला नाही. फ्रेम करून आईपुढे धरला.

तिने चष्मा लावला. बराच वेळ बघितलं, बोट काचेवरून फिरवलं. मला वाटलं, जिंकलो. मग म्हणाली, "ब्येस हाय. माझ्या कपाटात ठेव. भिंतीवर नको."

"का?"

"बनियनवर कोन बसतो का पावन्यांपुढं?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आई, हेच खरे बाबा. तो कोट बाबांचा नव्हता, त्या स्टुडिओवाल्याने काहीतरी चिकटवलं आणि आपण इतकी वर्षं परक्या माणसाच्या छातीला हार घालतोय. मी बराच बोललो, उजेडाच्या दिशेवरही बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"स्टुडिओवाल्याला काय बोलतोस?" ती म्हणाली. "कोट घाल म्हनून मीच सांगितलेलं."

मग तिने मला सांगितलं, जे तुम्ही दोघांनी मला कधी सांगितलं नव्हतं. तुमच्या लग्नात तुम्ही मनोर गावच्या मावसभावाचा कोट मागून घातलेलात. तो अंगाने तुमच्याहून लहान, त्यामुळे बाह्या मनगटाच्या वर. सगळं लग्न तुम्ही बाह्या खाली ओढण्यात घालवलंत आणि फोटोवाला आला की हात पाठीमागे. वर त्या मावसभावाने जेवणावळी उठायच्या आधीच कोट परत मागितला, डाग पडेल म्हणून. तुम्ही नवरदेव, आणि पंगतीला शर्टावर. त्या दिवशी घरी येताना तुम्ही आईला म्हणालात, "एकदा आपल्या मापाचा शिवीन." दर दिवाळीला म्हणायचात म्हणे. मग माझं कॉलेज निघालं, मग पंप बदलावा लागला, मग कौलं. "हौस होती रे त्यांना," आई म्हणाली. "तुला काय म्हाईत? तू आपला त्यांना बनियनवर बघितलास." आणि पदराने डोळे पुसले. बाबा, मी त्या कोटाला इतक्या शिव्या दिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी 'कोट' फोल्डर उघडलं. काळा लावून बघितला, निळा, चॉकलेटी. एकही मनाला येईना. सगळे दुसऱ्यांचे. पुन्हा तुम्हाला मागून आणलेलाच कोट घालायचा? माझी बायको मागे उभी होती. ती आत गेली आणि ट्रंकेतून माझा लग्नातला कोट घेऊन आली, डांबरगोळ्यांच्या वासाचा. म्हणाली, "हा तरी घरातला आहे."

मग सकाळी, तुम्ही नारळ सोलायला बसायचात त्याच जागी मी जाऊन उभा राहिलो, तुमच्या तोंडावर पडलं होतं तसं ऊन यायची वाट बघत. वर शर्ट-कोट. फोटो अर्धाच लागणार, म्हणून खाली अर्धी चड्डी आणि स्लिपर. बायको कॅमेरा धरून हसून हसून बेजार, फोटो हलतायत. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारचे काका आले, मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "काय रे, कुनाच्या लग्नाला निघालास असा?"

मी म्हटलं, "बाबांच्या."

काका तसेच मागे फिरले. त्यांनी संध्याकाळी आईकडे माझ्या तब्येतीची चौकशी केली, असं कळलं.

तुमचं तोंड माझ्या खांद्यावर बसवायला घेतलं तेव्हा मी पूर्ण दिवस धरून चाललो होतो. मानेचं काम फार किचकट असतं, लोकांच्या फोटोंत तिथेच सगळं फसतं. बाबा, काहीच करावं लागलं नाही. मान तिथल्या तिथे बसली. गळ्याची ती खळगी, खांद्याचा उतार, सगळं जुळत गेलं. मी माऊस सोडून नुसता बघत राहिलो आणि मला रडू आलं, आणि रडता रडता हसूही आलं, कारण तुम्ही कोट घालून माझ्यावर ओरडत होतात. बाह्या बरोबर मनगटापर्यंत. टाय घातली नाही, वरचं बटणही उघडं ठेवलं. तेवढी तुमची आवड मलाही ठाऊक आहे.

आईला मी कसं केलं ते सांगितलं नाही. सांगणार कसं? तुमच्या फोटोला रोज हार पडतो, आणि गळ्याखालचा माणूस तर चांगला जिता, कंपनीत ड्युटीला जातो. झारा घेऊन धावली असती. तिला फक्त फोटो दाखवला. तिने आधी बाह्या बघितल्या. "बरोबर मापाच्या हाय," म्हणाली, आणि चेहरा असा काही उजळला की माझी सगळी सुट्टी वसूल झाली. रंगवलेल्या भिंतीवर फोटो चढला. मी बोईसरच्या बाजारातून चांगला भरगच्च हार आणला होता. तिने हातात घेतला, फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तो बाजूलाच टांगलेल्या माझ्या आजीच्या फोटोला घातला.

"आणि बाबांना?"

"नको. काच खराब होते हाराने."

आजीच्या फोटोलाही तीच काच आहे. तेव्हापासून तुम्हाला हार नाही, बाबा. फ्रेमच्या वरच्या पट्टीवर एक मोगऱ्याचं फूल, तेही अगदी तुमच्या डोक्यावर येईल असं, खांद्यांपासून दूर. जागा कधी चुकत नाही तिची.

हे पत्र 'कोट' फोल्डरमध्येच ठेवून देतोय, दुसरीकडे कुठे पाठवणार? फक्त एक तुम्हाला सांगायचं राहिलं. कॅमेऱ्याची बॅग वागवून वागवून माझा उजवा खांदा उतरलाय, आई कॉलेजपासून त्यावरून माझ्या मागे आहे, आणि घाईत तो खांदा तसाच तुमच्या फोटोत गेला. नीट करायला दोन मिनिटं लागतील. पण काल सकाळी मी ड्युटीला निघालेलो, दारात बूट घालतोय, आणि आई तुम्हाला फूल ठेवून फोटोकडे बघत म्हणाली, "खांदा सरळ ठेव रे." मी पाठमोराच होतो. खांदा सरळ केला आणि बाहेर पडलो. फोटो मात्र दुरुस्त करणार नाही.